विदर्भातील पानगळीचे रंग

रंगलेल्या पानांची अरण्ये म्हटली, की सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांपुढे काश्मीरचे चिनार, जपानमधील मेपल वृक्ष किंवा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील डोंगरउतार उभे राहतात. श्रीनगरच्या नसीम बागेतील चिनार ऑक्टोबरअखेरीस लालबुंद होतात आणि ते पाहण्यासाठी देशभरातून लोक जातात. जपानमध्ये तर कोणत्या भागातील पाने केव्हा रंगतील, याचे अंदाज दरवर्षी प्रसिद्ध केले जातात. असा सोहळा आपल्या भागात नाही, आपल्याकडे पाने फक्त वाळतात आणि गळतात, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. या समजुतीला विदर्भातील वने हेच उत्तर आहे. मात्र ते पाहावयाचे तर ऋतूचा आणि झाडांचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे.

विदर्भातील वनांचा रंगोत्सव ऑक्टोबरात होत नाही. आश्विन-कार्तिकात, म्हणजे आपल्या शरद ऋतूत, पेंच किंवा नागझिऱ्याचे रान पावसाचे पाणी पिऊन अजून हिरवेगार असते. रंग चढू लागतात ते मार्गशीर्ष-पौषात, आणि भर येतो माघ-फाल्गुनात. आपल्या पंचांगाने या दोन महिन्यांना शिशिर असे नाव दिले आहे. विदर्भातील पानगळ शिशिरातील आहे आणि तिचे कारणही थंड देशांतील पानगळीहून वेगळे आहे. ते कारण पाणी हे होय. प्रस्तुत लेखात या पानगळीचे शास्त्र, ती पाहण्याची स्थळे आणि गळलेल्या पानांविषयीचे आपले कर्तव्य यांचा क्रमाने विचार केला आहे.

पाने का गळतात?

थंड प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते, दिवस लहान होतो आणि सूर्यप्रकाश क्षीण होतो. अशा काळात पाने राखणे झाडाला परवडत नाही. म्हणून दिवसमान घटू लागताच तेथील झाडे पाने टाकण्याची तयारी करतात. नागपूरची गोष्ट निराळी आहे. येथे साधारणतः १,१०० मिलिमीटरच्या आसपास वार्षिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढील आठ महिने जमीन हळूहळू कोरडी होत जाते. मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे असते. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. अशा उन्हात मोठमोठी पाने धारण केलेल्या झाडाने एवढे पाणी आणावे कोठून? म्हणून झाड खर्चच कमी करते. ज्या पानांनी पावसाळ्यात अन्न तयार करून दिले, तीच पाने ते उतरवून ठेवते.

वनशास्त्रज्ञ या वनांना उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वने म्हणतात. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, सालई, मोई, पळस आणि बांबू ही या वनांतील नेहमीची मंडळी होत. ती सारी एकाच दिवशी पाने टाकीत नाहीत. खोल मुळांचे झाड उशिरा, उथळ मातीतील झाड लवकर, नाल्याकाठचे त्याहून उशिरा असा प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो. त्यामुळे एकाच टेकडीवर हिरवा, पिवळा, तांबूस आणि निष्पर्ण असे चारही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. विदर्भातील पानगळीचे खरे सौंदर्य या सरमिसळीत आहे.

रंग येतो कोठून?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. पानात पिवळी व नारिंगी रंगद्रव्येही असतात. परंतु हरितद्रव्याच्या विपुलतेपुढे ती झाकली जातात. पाने टाकण्याची वेळ आली, की झाड हरितद्रव्याचे विघटन करते आणि पानातील नत्र, स्फुरद यांसारखी मौल्यवान द्रव्ये खोडात परत घेते. हिरवा पडदा दूर होताच आतील पिवळा रंग प्रकट होतो. काही झाडांच्या पानांत याच सुमारास लाल-जांभळे रंगद्रव्य नव्याने तयार होते आणि पान तांबडे दिसू लागते. शेवटी टॅनिनसारखी द्रव्ये तेवढी उरतात आणि पान तपकिरी होते. दरम्यान देठाच्या बुडाशी विशिष्ट पेशींचा एक पातळ थर तयार झालेला असतो. त्या जागी देठ सुटतो, वाऱ्याच्या लहानशा झुळकेनेही पान गळते आणि खोडावरील जखम मात्र आधीच बंद झालेली असते. पान गळणे ही झाडाने स्वतः, वेळेवर आणि काटकसरीने केलेली क्रिया आहे.

आपल्या वनांत रंगाचा दुसरा एक हंगाम असतो व थंड देशांतील प्रवाशाला त्याचे विशेष नवल वाटते. तो म्हणजे कोवळ्या पानांचा. कुसुम वृक्षाची नवी पालवी मार्च-एप्रिलमध्ये इतकी लाल असते, की दूरवरून झाडाला फुलोराच आला आहे असे वाटते. पिंपळ, मोह, आंबा यांची कोवळी पाने तांबूस असतात. नाजूक पानाचे प्रखर उन्हापासून आणि किडींपासून रक्षण करण्यास हे लाल द्रव्य साहाय्यभूत ठरते, असे अभ्यासक मानतात. पान जून झाले, की त्यात हरितद्रव्य भरते व लाली लोपते. ही पालवी पावसाची वाट पाहत नाही. ऐन उन्हाळ्यात, खोडात साठविलेल्या आणि खोल मुळांनी ओढलेल्या पाण्याच्या बळावर ती फुटते. त्यामुळे पहिला पाऊस येतो तेव्हा पाने कामाला सज्ज असतात.

महिन्यांची क्रमवारी

दिवाळीनंतरच्या दिवसांत सागाची पाने जाळीदार व तपकिरी झालेली दिसतात. पाहणाऱ्याला ती पानगळीची सुरुवात वाटते. परंतु बहुधा तो पानांचा गर खाऊन शिरा तेवढ्या शिल्लक ठेवणाऱ्या अळीचा प्रताप असतो. खरी पानगळ डिसेंबरमध्ये सालई, मोई आणि कांडोळ यांच्यापासून सुरू होते. कांडोळाचे गोरेपान खोड निष्पर्ण अवस्थेत चांदण्यात चमकते, म्हणून त्याला काही ठिकाणी भुत्या असेही म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत धावडा तांबूस होतो. ज्याचा डिंक आपण हिवाळ्यात लाडवांत घालतो, तोच हा वृक्ष. त्याची लहान लहान पाने तांब्याच्या रंगाची होतात आणि धावड्याची दाटी असलेला अख्खा उतार दुपारच्या उन्हात उजळून निघतो. याच सुमारास लेंडियाची पाने पिवळी-तांबडी होतात आणि सागाची रुंद पाने खडखड आवाज करीत खाली उतरतात.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पळस निष्पर्ण होऊन केशरी फुलांनी भरतो, काटेसावरीवर लाल फुले येतात आणि ऐनाची पाने गळू लागतात. मार्चमध्ये पहाटे मोहाची फुले पडतात व कुसुम रंगतो. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. अशा रीतीने रंग पाहावयास निघणाऱ्याने जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे तीन महिने निवडावेत. यापैकी एकच आठवडा हाताशी असेल, तर होळीच्या आधीचा आठवडा उत्तम.

नागपूर शहर व परिसर

रंग पाहण्यासाठी लांबचा प्रवास अपरिहार्य नाही. नागपूरच्या अनेक शासकीय वसाहती, शाळांची आवारे व जुने बंगले यांतून देशी बदामाची झाडे आहेत. गळण्यापूर्वी त्यांची पाने पिवळी, नारिंगी आणि शेवटी गडद लाल होतात. थंड देशांतील पानांच्या रंगाशी याइतके साम्य असलेले दुसरे झाड आपल्या शहरांत क्वचितच सापडेल. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर सकाळी फेरफटका मारणाऱ्यांना पानगळ आणि पालवी दोन्ही दिसतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या व्यवस्थापनाखालील महाराजबागेत जुने वृक्ष जवळून न्याहाळता येतात आणि त्यांची ओळख करून घेण्यास ती जागा सोयीची आहे.

शहराच्या वायव्येस गोरेवाडा आहे. येथील तलाव १९१२ साली शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधण्यात आला. तलावाभोवतीचे रान मिश्र व शुष्क असून शहराच्या इतक्या निकट असे रान असणे ही भाग्याची गोष्ट आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी येथील बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाचे उद्घाटन झाले. प्राणी पाहावयास येणाऱ्या शालेय सहलींना झाडे दाखविण्याचे काम शिक्षकांनी मनावर घेतले, तर एकाच फेरीत दोन पाठ होतील.

रामटेक आणि पेंच

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर रामटेक आहे. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. त्यामुळे रसिकांचे पाय आषाढात रामटेककडे वळतात. परंतु फाल्गुनात गडावर उभे राहिले असता दिसणारे दृश्य आषाढाइतकेच पाहण्यासारखे असते. एका बाजूस खिंडसीचे निळे पाणी, भोवती पिवळसर-तपकिरी उतार आणि त्यांत मधूनमधून पेटलेला पळस असा तो देखावा आहे. गडाच्या पायऱ्या चढून जाणाऱ्याला यासाठी परवाना, वाहन किंवा वाटाड्या यांपैकी कशाचीही गरज नसते.

तेथून उत्तरेकडे जबलपूर मार्गाने गेले, की पेंचचे वन सुरू होते. पवनीहून सिल्लारीकडे जाणाऱ्या वाटेवर सागाचे मोठे पट्टे आहेत. महाराष्ट्रातील पेंचला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे २५७ चौरस किलोमीटर आहे. जानेवारीअखेर सागाच्या वनात पायाखाली पानांचा वीतभर थर साचतो. त्यावरून चितळांचा कळप गेला, तरी दूरवर आवाज होतो. वाघ दिसला नाही म्हणून निराश होऊन परतणारे पर्यटक येथे अनेक भेटतात. त्यांनी धावडा, कुसुम आणि कांडोळ ही तीन झाडे ओळखावयाची ठरविली, तर कोणतीही फेरी रिकामी जाणार नाही.

पेंचमधील तोतलाडोह जलाशयाचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच प्रकल्पातून येतो. म्हणजे ज्या उतारांवर ही पाने गळतात, त्याच उतारांवरून ओघळणारे पाणी पुढे शहरातील नळाला येते. या मुद्द्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

नागझिरा, ताडोबा, मेळघाट आणि आलापल्ली

नागपूर-रायपूर मार्गावरील साकोलीजवळ नागझिरा अभयारण्य आहे. १९७० साली घोषित झालेले हे अभयारण्य आणि १९७५ सालचे नवेगाव राष्ट्रीय उद्यान यांचा समावेश करून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. टेकड्यांनी वेढलेला नागझिऱ्याचा तलाव, काठचा हिरवा पट्टा आणि वरच्या उतारांवरील रंगलेली झाडे यांमुळे पानगळीचा अभ्यास करण्यास हे आदर्श स्थळ आहे. ओलावा असेल तेथे पान टिकते आणि कोरड असेल तेथे गळते, हा नियम येथे एका दृष्टिक्षेपात समजतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकामुळे हे नाव मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले, तर नवेगावच्या वनात सेवा केलेल्या मारुती चितमपल्लींनी झाडे, पक्षी आणि प्राणी यांच्यासाठी मराठीत शब्दांचे भांडार उभे केले. या दोन्ही लेखकांचे साहित्य सहलीपूर्वी वर्गात वाचले जावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. स्थानिक गोंड समाजाचा तारू हा देव. त्याच्या नावावरून ताडोबा हे नाव आले, असे सांगितले जाते. येथे सागाबरोबर ऐन आणि बांबू विपुल आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांबूची बेटे फिकट पिवळी पडतात आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ऐनाची साल उठून दिसते.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून अधिक असल्यामुळे तेथील थंडी अधिक आणि दऱ्या खोल आहेत. कड्यावरून खाली पाहिले, की उंचीप्रमाणे आणि उताराच्या दिशेप्रमाणे रंग कसे बदलतात ते स्पष्ट दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सुमारे सहा हेक्टरांचे ‘वनवैभव’ हे २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. मोठ्या वयाचे वृक्ष आणि त्यांच्या खालील पाचोळ्याचा थर यांची जवळून ओळख तेथे होते.

गळलेल्या पानाचे मोल

पान गळले म्हणजे त्याचे काम संपले, असे नाही. झाडाने परत न घेतलेली द्रव्ये पानाबरोबर जमिनीवर येतात. वाळवी, बुरशी, गांडुळे आणि असंख्य सूक्ष्मजीव त्यांचे माती-खतात रूपांतर करतात. त्याहून महत्त्वाचे कार्य पावसाळ्याच्या तोंडावर घडते. जूनमधील वळवाच्या सरी जोरदार असतात. उघड्या जमिनीवर त्यांचा थेंब आदळला, की मातीचे कण सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. पाचोळ्याने झाकलेल्या जमिनीवर हाच थेंब पानावर पडतो, पसरतो आणि सावकाश खाली मुरतो. जी जमीन पाचोळ्याखाली असते तेथे पाणी मुरते, जी उघडी असते तेथून माती वाहते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलाव हे या दृष्टीने विचार करावयास लावणारे उदाहरण आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने आपल्या कौशल्याने असे अनेक तलाव बांधले. त्यांच्या वरच्या अंगास रान असे आणि रानातून येणारे पाणी स्वच्छ असे. वरचे रान उघडे पडले, की तलावात गाळ येतो आणि तलावाची साठवण घटते. तोतलाडोहसारख्या मोठ्या जलाशयालाही हाच न्याय लागू आहे. म्हणून डोंगरावरील वाळलेले पान आणि गावातील वा शहरातील घागर यांचा संबंध प्रत्यक्ष आहे.

वणव्याचा प्रश्न

ज्या महिन्यांत पानगळीचे रंग दिसतात, त्याच महिन्यांत हा सारा साठा जळून जाण्याचा धोका असतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाच्या दृष्टीने आगीचा हंगाम होय. आपल्या भागातील बहुतेक वणवे नैसर्गिक नसतात. ते माणसाच्या हातून लागतात. फेकलेली विडी, शेताच्या धुऱ्यावरील जाळ, सहलीला आलेल्यांनी न विझविलेली चूल ही काही कारणे आहेत. परंतु दोन कारणांमागे उपजीविकेचा प्रश्न आहे आणि त्यांचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे.

पहिले कारण मोहफुलांचे. ही फुले पहाटे झाडाखाली पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून खालची पाने जाळून जागा मोकळी केली जाते. हा जाळ पुष्कळदा झाडाखाली थांबत नाही. दुसरे कारण तेंदूचे. आग लागून गेल्यावर तेंदूला नवे, मऊ धुमारे फुटतात आणि विडीसाठी अशी पाने चांगली, या समजुतीने रान पेटविले जाते. वनालगतच्या अनेक कुटुंबांना उन्हाळ्यात हातात रोख पैसा मिळण्याचे हेच दोन प्रमुख मार्ग आहेत. त्यामुळे केवळ मनाई करून हा प्रश्न सुटणारा नाही.

आगीने मोठे वृक्ष लगेच मरत नाहीत, त्यामुळे तिची हानी लक्षात येत नाही. ती जमिनीलगत सरकत जाते. पाचोळा, रोपटी, बियाणे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी तिच्यात जातात. वर्षानुवर्षे आग लागत राहिली, की सागासारखी कणखर झाडे टिकतात आणि नाजूक रोपांची झाडे कमी होत जातात. रंगांची जी सरमिसळ पाहावयास आपण जातो, तीच अशा रीतीने हळूहळू नाहीशी होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग लावणे हा दंडनीय अपराध आहेच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साहाय्याने २००४ पासून आगीच्या सूचनाही देत आहे. परंतु उपग्रहाला धूर दिसण्यापूर्वी तो गावातील माणसाला दिसतो.

या बाबतीत चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण उल्लेखनीय आहे. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये या गावाला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेला उत्पन्न मिळू लागले. त्यानंतर ग्रामसभेने तेंदूपानांचे उत्पन्न स्वेच्छेने सोडले. तेंदूसाठी झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लावल्या जातात, हे त्यामागील कारण होते. प्रत्येक गावाला असे करणे शक्य नाही. परंतु पर्यायी उत्पन्न आणि रानावरील हक्क या दोन गोष्टी हाती आल्या, की गाव दूरचा विचार करू शकते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

शाळांसाठी तीन उपक्रम

शिक्षकांना पुढील तीन उपक्रम अल्प खर्चात करता येतील.

पहिला उपक्रम रंगांचा. पाच-सहा हिरवी पाने बारीक वाटून थोड्या स्पिरिटमध्ये भिजवावीत. द्रावण गाळून ते बशीत अर्धा सेंटिमीटर खोलीइतके घ्यावे आणि त्यात पांढरा खडू उभा करावा. द्रावण खडूत वर चढते आणि काही वेळाने हिरव्या पट्ट्याबरोबर पिवळी कडही दिसू लागते. पिवळा रंग हिरव्या पानातही असतो, हे विद्यार्थ्यांना यावरून कळते. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः आणि आगीपासून दूर करावा.

दुसरा उपक्रम पाण्याचा. दोन पसरट पेट्यांत सारखी माती भरून त्या सारख्याच कलत्या ठेवाव्यात. एकीवर पाचोळा पसरावा, दुसरी उघडी ठेवावी. दोहोंवर झारीने सारखे पाणी ओतून खाली येणारे पाणी वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत धरावे. दोन भांड्यांतील पाण्याचा रंग पाहिला, की वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

तिसरा उपक्रम नोंदीचा. शाळेजवळचे एक पळस, एक पिंपळ आणि एक देशी बदाम निवडावे. डिसेंबर ते मे दर आठवड्याला ठरलेल्या वारी पानांचा रंग, गळती, फुले आणि पालवी यांची नोंद एका वहीत करावी. ही वही पुढील वर्षीच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. पाच-दहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, की पाऊस कमी-अधिक झाल्यास पानगळ मागे-पुढे होते काय, याचे उत्तर विद्यार्थ्यांना स्वतःच्या वहीत सापडेल.

ग्रामपंचायतींनी काय करावे?

२६ जानेवारीची ग्रामसभा आगीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जेमतेम तीन आठवडे येते. या सभेत वणव्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. गावाच्या हद्दीतील जाळरेषा साफ झाल्या आहेत काय, याची वनरक्षकासमवेत पाहणी करावी. मोहाखालील पाने जाळण्याऐवजी खराट्याने झाडून घ्यावीत किंवा झाडाखाली जुनी साडी वा जाळी अंथरावी, हे महिला बचत गटांमार्फत घरोघरी सांगता येईल. झाडलेला पाचोळा खतखड्ड्यात टाकल्यास तो वाया जात नाही. अंथरलेल्या कापडावरील फुले स्वच्छ राहतात, हा त्यातील आणखी एक लाभ होय. धूर दिसताच कोणी कोणास कळवावे आणि आग विझविण्यास कोणी जावे, हे नावनिशीवार ठरवून फलकावर लिहावे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात राहते. शाळेच्या वहीतील पानगळीच्या नोंदी तिच्यात दरवर्षी उतरविल्या, तर ती जिवंत राहील. गावाजवळ कुसुम, धावडा किंवा कांडोळ यांची चांगली दाटी असेल, तर ती जागाही त्यात नोंदवावी. पाहुण्यांना दाखविण्यासारखे आपल्या गावात काही नाही, असे म्हणणाऱ्या पंचायत सदस्यांनी फाल्गुनातील एक सकाळ गावाच्या रानात घालवावी, अशी त्यांना विनंती आहे.

सहलीला जाणाऱ्यांसाठीही काही सूचना आवश्यक आहेत. व्याघ्र प्रकल्पांतील प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी करावी आणि तेथे वाहनातून खाली उतरू नये. रानात चूल पेटवू नये, धूम्रपान करू नये. आठवण म्हणून फांदी तोडू नये. जमिनीवर पडलेली पानेही आहेत तेथेच राहू द्यावीत.

काश्मीरच्या चिनारांचे कौतुक करावे, जमल्यास तेथेही जाऊन यावे. परंतु नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर, माघाच्या उन्हात, धावड्याचा उतार तांब्यासारखा उजळतो आणि त्या पानांवर पुढच्या वर्षीचे आपले पाणी अवलंबून असते. पाहणाऱ्याने हे रंग पाहावेत आणि खाली पडलेले पान पहिला पाऊस येईपर्यंत जमिनीवर राहील, एवढी काळजी वाहावी.